कानामागची गोचीड

सक्करदरा, नागपूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. सोनिका,

पोचल्याचा तुझा फोन आला, मंग रडणं आलं, मंग फोनच कटला. म्हणून कागद घेतला. फोनवर तू रडते न मी चिल्लावते, कामाचं काहीच होत नाही. कागदावर तू मधात बोलत तरी नाही. मी चौथी पास. ऱ्हस्व-दीर्घ पाहू नको, मतलब पाह्य.

तुझ्या तिन्ही बाटल्या फ्रिजात आहेत, दुधाच्या गंजामागं. दोन म्हशींच्या गोचिडींच्या, तिसरी मनोहरच्या कानामागची. मी दही काढाले हात घालते तर बाजूले ती बसलेली, माझ्या भावाचं रक्त पिऊन वाटाण्यासारखी फुगलेली. परवानगीचा कागद आल्याशिवाय तुमच्या पुण्याच्या लॅबवाले घेत नाहीत म्हणते. बरं आहे. माणसाले मरायले परवानगी लागत नाही, त्याच्या गोचिडीले लागते.

पण ते स्पिरिट मले आवडलं नाही. झाकण लावलं तरी वास येते. तुले येत नसन, मले येते. आमचे हे गल्लीच्या तोंडाशी आले की मी ओट्यापाशी उभी राहून सांगत होती, आज किती पेले ते. दारूनंच गेले. तेव्हापासून या घरात दारूचा थेंब नाही, आन् तू तीन बाटल्या ठेवून गेली. स्पिरिट म्हण नाही तर काही म्हण, दारूच ते. आमच्या मेडिकल कॉलेजात स्पिरिट कुलपात राहे, नाही तर शिपाईच पिऊन टाकत. फार्मलीनले कुलूप नव्हतं. डोळ्यातून पाणी काढते, पण इमानदार आहे. वीस वर्षं मी त्याच्याच बरण्या भरल्या. त्यात टाकलेलं कलेजं दहा वर्षांनी काढलं तरी जसंच्या तसं.

आन् एक विचारते, राग मानू नको. एवढं कायले खोदून राहिली? तुझा बाप पेत होता. डॉक्टरनं लिहून दिलं, दारूनं लिव्हर गेलं. तेरवीले जेवणाऱ्या शंभर माणसांनी तेच म्हटलं. आता गोचिडीचं नाव निघालं तर तो उठून बसणार आहे का?

जेवत जाजो. हाडं दिसून राहिली तुझी.

आत्या

———

पुणे
२० ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास नमस्कार,

तुझं पत्र लॅबच्या पायरीवर बसून वाचलं. राग नाही आला. पण एक गोष्ट पहिल्यांदा आणि शेवटचं लिहिते: बाबा पीत नव्हते. तीन वर्षांपूर्वी पोळ्याला त्यांनी सोडली, त्यानंतर थेंब घेतला नाही. मौद्यातल्या कोणालाही विचार. शेजारच्या सिंधूताई तर रोज त्यांच्या गोठ्यात दूध घ्यायला यायच्या. तीन वर्षं कोरडा राहिलेला माणूस मेल्यावर कागदावर दारुडा झाला, हे मी तसंच राहू देऊ? आणि त्याच गोठ्यांमध्ये बाकीची माणसंही बसतात. उद्या दुसरा कोणी असाच जाईल आणि त्यालाही दारुडाच म्हणतील.

आत्या, मी इथे हेच काम करते म्हणून मला लगेच शंका आली. गोचीड चावते, तिच्या पोटातला जंतू माणसात उतरतो, ताप भरतो. अंगावर बारीक लाल ठिपके येतात. डोळे लाल होतात, जीभ जड होते, तोल जातो, माणूस बरळतो. न कळणाऱ्याला वाटतं प्यायलाय. औषध अगदी साधं आहे, कुठल्याही दुकानात मिळणारी गोळी. पहिल्या चार-पाच दिवसांत सुरू झाली तर बहुतेक माणसं वाचतात. बाबांना दवाखान्यात आणलं तो सहावा दिवस होता. हेच मला झोपू देत नाही.

गोचिडीच्या पोटात तो जंतू सापडला तर पुरावा होतो. पण त्यासाठी ती स्पिरिटमध्येच राहायला हवी. वास सहन कर माझ्यासाठी. बाटल्यांना हात लावू नको.

आणि एक काम. माझ्या सरांना रुग्णाची तारीखवार हकीकत लागते: ताप कधी आला, कुठे कुठे गेला, कोणाला भेटला. शेवटच्या आठवड्यात मी इथे होते, तू तिथे होतीस. आठवेल तसं लिही, पण खरं लिही. कागद खरा पाहिजे.

तुझी सोनू

———

सक्करदरा
३० ऑक्टोबर २०२४

चि. सोनिका,

दिवाळीची साफसफाई काढली होती म्हणून उशीर झाला. घे तुझ्या तारखा.

१९ सप्टेंबर, गुरुवार. ताप आला. हे सिंधूताईनं सांगितलं, मी पाहिलं नाही.
२०, २१, २२, २३. गोठ्यातच पडून होता. कुठं गेला नाही. कोणाले भेटला नाही.
२४. सिंधूताईनं न तिच्या पोरानं दवाखान्यात आणलं, मले फोन केला, मी होती तशी धावत गेली.
२५. तू आली. नर्सनं आंग पुसता पुसता कानामागची गोचीड काढली.
२६. गेला.

झालं. एवढंच. बावीसले आमच्या ह्यांचं श्राद्ध होतं, घरात दहा माणसं जेवाले, मी घराबाहेर पाय टाकला नाही. म्हणून मले काही माहीत नाही. पुन्हा पुन्हा विचारू नको.

आन् ते चार-पाच दिवसांच्या गोळीचं मले कायले लिहिलं? मी काय डॉक्टर आहे? ताप कोणाले येत नाही? मनोहरले लहानपणी वर्षातून चारदा येत होता, मायनं काढा दिला न उठला. आपल्या इथं ताप आला म्हणून कोणी गोचीड शोधत बसत नाही. तुम्ही शिकलेल्या पोरी मेल्यावर येता आन् जित्या माणसाले हिशोब मागता.

वास वाढला आहे. फ्रिज उघडला की नाकात बसते. दूधसुद्धा बाहेर ठेवून राहिली.

अनारसे पाठवले आहेत, फुटले असतील तर चुरा खा.

आत्या

———

पुणे
१२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार,

चुरा खाल्ला. मस्त झाले होते.

परवानगी आली! तिन्ही बाटल्या जशा आहेत तशा, झाकणाला चिकटपट्टी लावून, कापसात गुंडाळून कुरिअरला दे. सोबतचा कागद डब्यावर चिकटव. सर म्हणाले, रुग्णाच्या अंगावरचीच गोचीड हाती असणं क्वचित घडतं.

आता दुसरं. बाबांचा शेवटचा शर्ट मी सोबत आणला होता, धुतला नव्हता. काल घडी उघडली तर खिशात बसचं तिकीट निघालं. त्याची छपाई उडत चालली आहे, म्हणून आधी फोटो काढला. मौदा ते नागपूर, २२ सप्टेंबर, सकाळी अकरा चाळीस.

तू लिहिलंस ते गोठ्यातच होते. तापात एवढा प्रवास करून ते नागपुरात कोणाकडे आले असतील? त्यांचं तिथे तुझ्याशिवाय कोण आहे? घरी जेवायला माणसं होती म्हणतेस, तर कदाचित ते दारापर्यंत येऊन गर्दी बघून परत गेले असतील. तुला दिसले नसतील. तसं असेल तर तसं लिही. मी तुला दोष देत नाही, मला फक्त तारीख भरायची आहे.

सोनू

———

सक्करदरा
२० नोव्हेंबर २०२४

सोनिका,

डबा आज पाठवला. पावती सोबत आहे.

आधीच सांगून देते, नाही तर उघडून बोंबलशील. ते स्पिरिट मी दिवाळीच्या आधी नालीत ओतलं. लक्ष्मीपूजनाले घरात दारू ठेवणार नव्हती मी. गोचिडी फेकल्या नाहीत, घाबरू नको. कॉलेजातला आपला रोहित आहे ना, माझ्या हाताखाली शिकलेला, मी रिटायर होताना ज्याले माझ्या जागेवर लावलं, त्याच्याजवळून फार्मलीन आणलं न तिन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरल्या. पाय नाही तुटला एकीचा, पाह्य. स्पिरिटपेक्षा चांगल्या दिसून राहिल्या. वीस वर्षं केलेलं काम आहे, मले कोणी शिकवू नये.

तिकिटाचं म्हणशील तर नागपूर काय माझ्या एकटीचं आहे? माणूस दवा घ्याले येते, म्हशींची ढेप घ्याले येते, नाही तर दारूच्या दुकानात येते. मले दिसला नाही. झालं समाधान?

आत्या

———

पुणे
१० डिसेंबर २०२४

आत्या,

तीन आठवडे पेन उचलला नाही, कारण उचलला असता तर जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं.

गोचिडी सुंदर दिसतात. खरंच. पाय, सोंड, पाठीवरची नक्षी, सगळं जागच्या जागी. जात कोणती ते पाच मिनिटांत ओळखलं. पण आतला जंतू ओळखायला त्याचा जो बारीक धागा सोडवून वाचावा लागतो, तो फॉर्मलिननं जखडून, तुकडे करून टाकलाय. तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा कोरं. जंतू आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही नाही. बाबांच्या कानामागची ती एकच होती. पुन्हा मिळणार नाही.

दारूचा वास सहन झाला नाही म्हणून तू हे केलंस असं मी पंधरा दिवस स्वतःला समजावलं. तुझा संसार मी पाहिलाय. मग मला एक गोष्ट आठवली. तूच सांगितलेली. मी सातवीत होते, तुझ्याकडे राहायला. तू भाकरी थापत होतीस आणि हसत सांगत होतीस की रोहितनं आज शेण खाल्लं. तपासणीला जाणारा पू साध्या बाटलीऐवजी फार्मलीनमध्ये टाकला. सर ओरडले, "मेलं ना आता त्यातलं सगळं! मेलेल्यात काय शोधू?" तू सरांची नक्कल केली होतीस. मी हसून हसून लोळले होते.

तुला माहीत होतं, आत्या.

वीस वर्षं केलेलं काम आहे, तुला कोणी शिकवू नये. बरोबर. मला फक्त काहून ते सांग.

एक राहिलंय. बाबा गेल्यावर डॉक्टरांनी लिव्हरचा तुकडा काढून ठेवला होता, सही माझी होती. तो कोणी तपासलाच नाही, कारण मरणाचं कारण आधीच लिहून झालं होतं. कागदावर शब्द आहेत: "मद्यपी असल्याचे बहिणीने सांगितले." तो तुकडा अजून बरणीत आहे. मी अर्ज केला आहे.

सोनिका

———

सक्करदरा
२१ डिसेंबर २०२४

सोनिका,

आईविना पोर म्हणून पाच वर्षं तुले घरात ठेवली, वेण्या घातल्या, उवा काढल्या. आता तू माझ्या उवा काढून राहिली.

डॉक्टरनं विचारलं पेते का, मी म्हटलं पेते. पेतच होता जनमभर. तीन वर्षांचं मले काय माहीत, मी काय त्याचं तोंड हुंगाले मौद्याले जात होती?

कर अर्ज. कलेजं काढ न पाह्य. मले पत्र लिहू नको.

कौशल्या

———

पुणे
६ मार्च २०२५

आत्या,

लिहू नको म्हणालीस तरी हे तुला कळवणं माझं काम आहे.

तुकडा मिळाला. पाच महिने फॉर्मलिनमध्ये होता. त्यातही तो धागा वाचता येत नाही, गोचिडीसारखंच. पण मांसाचं वेगळं असतं. त्याचे पापुद्र्यासारखे काप काढून काचेवर घेतात आणि खास रंग चढवतात. जंतू जिथे जसा मेला तिथेच तसाच धरलेला असतो, आणि तेवढाच रंगतो. ज्या फॉर्मलिननं गोचिडीचं तोंड बंद केलं, त्यानंच लिव्हरचं उघडलं. तू म्हणायचीस ना, इमानदार आहे.

बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जंतू सापडले. भरपूर. तिघांनी वेगवेगळं बसून पाहिलं. गोचीडतापच.

आणि दुसरं. दारूनं खराब झालेलं लिव्हर कसं दिसतं हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात. बाबांचं तसं नाही. जुने दोन-चार व्रण आहेत, भरून आलेले. तीन वर्षांत भरून येतात, असं सर म्हणाले.

मरणाच्या कागदावरचं कारण बदलण्याचं पत्र दवाखान्यानं दिलं आहे, सोबत नक्कल जोडते. मौद्याच्या गोठ्यांमध्ये गोचिडीचं औषध मारायला सुरुवात झाली. सिंधूताईंनी फोन करून सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं. बावीसला बाबांना बसवर त्यांनीच बसवून दिलं होतं. बाबा म्हणाले, "कौशीकडे जातो. तिच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, ती नेईल मले."

तारीखवार हकीकतीत बावीसची ओळ मी कोरी सोडली आहे. पुढच्या आठवड्यात कागद पुढे जाईल. भरायची की कोरीच जाऊ द्यायची, ते तू ठरव.

सोनिका

———

सक्करदरा
१५ मार्च २०२५

सोनू,

तुझी नक्कल वाचली. दुसऱ्यांदा वाचाले चष्मा लावला, तरी तेच लिहिलेलं होतं.

तू काहून विचारलं होतं ना. स्पिरिटचा वास येत होता हे खरं आहे. पण त्यापायी नाही ओतलं. तुझं ते पत्र आलं, चार-पाच दिवसांत गोळी मिळाली तर वाचते म्हणून. मी बोटावर मोजले. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. चौथा. मंग पुन्हा मोजले. चौथाच. तेव्हा मनात आलं की गोचीड खोटी निघाली पायजे. तो दारूनंच मेला पायजे. दारूनं मेला तर मी बरोबर होती. रोहितनं विचारलं, मावशी फार्मलीन कायले, तर मी म्हटलं, पालीले मारायचं आहे.

आता बावीसचं ऐक.

दुपारचा एक वाजला असन. पानं वाढली होती. आमच्या ह्यांचे भाऊ, कृष्णकांत भाऊजी, पाटावर बसले होते, बाकीची मंडळी मागं. मी कावळ्याचा घास घेऊन दार उघडलं, तर मनोहर पायरीवर उभा. एक हात भिंतीले. डोळे लाल, शर्टाच्या गुंड्या वरखाली. मले पाहून हसला. म्हणे, "कौशे, धर वं मले. जमीन हालून राहिली." जीभ जड.

आतून भाऊजी बोलले, "या! वैनी, तुमचे बंधू आले वाटते. श्राद्धाचं आमंत्रण दारुड्यांत बरोबर पोचते." सगळे हसले. माझी जावही हसली.

जनमभर नवऱ्याले उंबऱ्यातून उचलून आत आणलं त्या लोकांसमोर. त्याच्याच श्राद्धाले भावालेही उचलून आणू? मी दबक्या आवाजात म्हटलं, "पिऊन माझ्या दारात उभा नको राहू." तो म्हणे, "नाही वं, ताप आहे. पाणी दे." मी त्याच्या बाजूनं जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर घास ठेवला, परत आली न कडी लावली.

जो पिऊन मेला त्याचा घास भिंतीवर. जो तहानेनं आला तो बाहेर.

दोनदा कडी वाजवली त्यानं. मी खीर वाढत होती. हात धुवाले लोक उठले तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. पायरीवर कोणी नव्हतं. मले बरं वाटलं. हेही लिहून ठेव, बरं वाटलं.

चोविसले दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, पेते का. मनोहर तिथंच होता, डोळे मिटून. माहीत नाही त्यानं ऐकलं का. मी म्हटलं, पेते.

तू म्हणशील आत्याले समजलं नाही, तापाचं न दारूचं एकसारखंच दिसते. तू पत्रात तसंच लिहिलं होतं. मी ते पत्र उशाखाली ठेवून झोपत होती. पण तुले माझं नाक माहीत आहे. तो माझ्यापासून हातभर दूर होता, सोनू. त्याच्या बाजूनं गेली मी, जाताना न येताना. म्हशीचा वास होता, घामाचा होता, तापाचा जो एक खारट वास येते तो होता.

माफी मागून नाही राहिली. तुले मागितली तर तू देशील, न ज्यानं द्यायची तो नाही. या वर्षीच्या पितृपक्षात त्याचं पान मी नाही वाढणार, माझ्या हातचं तो घेणार नाही. तू वाढ.

कागद खरा पायजे म्हटलं होतं. कोरी ओळ आहे ती अशी भर, माझ्या नावानं, खाली माझी सही आहे:

२२ सप्टेंबर. दुपारी एक वाजता बहिणीच्या दारात आला. पाणी मागितलं. बहीण घरात होती. दारूचा वास नव्हता.

कौशल्या